निगेटिव्ह रिपोर्ट नेमका कुणासाठी?

२०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने मुंबईहून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी नियम जाहीर केले. १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचणाऱ्याने दहा दिवस घरातच विलगीकरणात राहायचे. १२ तारखेनंतर निघणाऱ्याने मात्र निघण्याआधी ४८ तासांत कोरोनाची स्वॅब टेस्ट करून निगेटिव्ह रिपोर्ट जवळ ठेवायचा. एसटीने जाणाऱ्याला ई-पास नको, खासगी गाडीने जाणाऱ्याला हवा. एसटीच्या एका बसमध्ये २२ प्रवासी. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत कोकणातल्या माणसांची वस्ती इतकी दाट आहे, की हे नियम जाहीर झाले त्या संध्याकाळी हजारो घरांत एकच हिशेब सुरू झाला असणार: रजा किती, पैसे किती, आणि टेस्टमध्ये कुणाचे काही निघाले तर? या शेवटच्या प्रश्नाने जितकी झोप उडवली तितकी पहिल्या दोन प्रश्नांनी उडवली नसेल. प्रवासाची अट म्हणून करायच्या चाचणीची ही धास्ती कोरोनाबरोबर संपलेली नाही. अमरनाथला निघालेल्या आजोबांच्या घरात आजही ती असते. म्हणून तिची चिरफाड करून पाहणे उपयोगाचे आहे. माझे म्हणणे असे, की ही धास्ती बऱ्याच अंशी चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत राहते. चाचणी एक प्रश्न विचारते आणि घरातली माणसे तिच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर मागतात.

आधी त्या वर्षीची उपनगरे आठवली पाहिजेत. जून २०२० मध्ये शहरातला साथीचा जोर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकला आणि महापालिकेने दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, भांडुप, मुलुंड या भागांसाठी वेगळा जलद कृती आराखडा आखला. इमारती आणि मजले सील होत होते. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होती. पॉझिटिव्ह रिपोर्ट प्रयोगशाळेने रुग्णाच्या हाती थेट न देता आधी पालिकेला कळवावा, अशी सूचनाही त्याच महिन्यात निघाली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल विचारणा केली. अशा वातावरणात टेस्टची भीती आजाराचीच होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पॉझिटिव्ह आलो तर विलगीकरण केंद्रात नेतील, मजला सील होईल, शेजारी बोलणार नाहीत, आणि गावचा गणपती आपल्यावाचून बसेल, अशी ती चार पदरी भीती होती. यातला एकही पदर धड वैद्यकीय नव्हता. चारही समाजाने आणि व्यवस्थेने विणलेले होते. ते खोटे मुळीच नव्हते, पण त्यांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळणारी नव्हती.

आता चाचणी स्वतः काय करते ते पाहू. नाकातून आणि घशातून घेतलेल्या स्रावात विषाणूच्या आरएनएचे तुकडे असतील, तर आरटी-पीसीआर यंत्र आधी त्यांचे डीएनएत रूपांतर करते आणि मग दर फेरीला त्यांची संख्या दुप्पट करत जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ३५ फेऱ्यांची मर्यादा धरली होती. एका तुकड्याच्या ३५ फेऱ्यांनंतर तत्त्वतः ३,४०० कोटींहून अधिक प्रती होतात. एवढी तीक्ष्ण नजर असूनही ही चाचणी चुकते, आणि बहुतेक वेळा चुकते ती तारखेमुळे. मे २०२० मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आधीच्या सात अभ्यासांतली आकडेवारी एकत्र करून दाखवले, की संसर्ग झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणी जवळजवळ प्रत्येकाला निगेटिव्ह ठरवते. चौथ्या दिवशीही शंभरातले ६७ बाधित तिच्या हातून निसटतात. लक्षणे सुरू होतात त्या सुमारास, म्हणजे पाचव्या दिवशी, ३८ निसटतात आणि आठव्या दिवशी २०. म्हणजे चाचणी अगदी भरात असतानाही पाचातला एक बाधित तिच्या नजरेतून सुटतो. सोमवारी कुठे संसर्ग झाला, बुधवारी स्वॅब दिला, गुरुवारी निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला आणि शुक्रवारी बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतल्या आगारातून कणकवलीची एसटी धरली, तर त्या कागदावरचा शब्द प्रामाणिक असूनही माणूस बाधित असू शकतो.

मग हा सगळा फार्सच होता का? हा आक्षेप त्या वेळी सगळीकडे घेतला गेला आणि वर दिलेले आकडे पाहिले तर तो रास्तही वाटतो. पण त्याचे उत्तर मिळवायचे तर एका माणसाकडे पाहून चालत नाही, हजार माणसांकडे पाहावे लागते. समजा उपनगरांतून हजार जण गावी निघाले आणि त्यातल्या ३० जणांना त्या क्षणी संसर्ग आहे. (हे आकडे गणित समजावे म्हणून घेतलेले आहेत.) चाचणी शंभरातले साठच बाधित पकडते असे धरू, कारण प्रवाशांमध्ये लक्षणे नसलेले, नुकताच संसर्ग झालेले लोक बरेच असतात. मग ३० पैकी १८ जण मुंबईतच थांबतात आणि १२ जण निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून गावी पोहोचतात. उरलेल्या ९७० निरोगी माणसांपैकी पाचेक जण चुकून पॉझिटिव्ह ठरतात. आता दोन बाजूंनी हिशेब मांडा. गावाच्या दृष्टीने ३० बाधितांऐवजी १२ आले, धोका साठ टक्क्यांनी घटला. कोणत्याही सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याने आनंदाने पदरात घ्यावा असा हा लाभ आहे. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ‘मला आहे की नाही’ याबद्दलचे ज्ञान फारच थोडे पुढे सरकले. चाचणीआधी त्याला संसर्ग असण्याची शक्यता हजारात ३० होती, निगेटिव्ह रिपोर्टनंतर ती साधारण हजारात १२ झाली. दोन्ही वेळा बहुधा नाहीच. एकच कागद गावासाठी मोलाचा आणि त्या माणसासाठी जेमतेम उपयोगाचा, हे त्या चाचणीचे खरे रूप होते. ‘फार्स’ म्हणणारे प्रवाशाच्या जागी उभे राहून बोलत होते. अट गावाच्या जागी उभे राहून घातली होती.

कुटुंबाच्या धास्तीचे मूळही याच गणितात आहे, आणि ते सहसा कुणी मांडत नाही. वरच्या उदाहरणात एका माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता हजारात २३, म्हणजे शंभरात अडीचपेक्षाही कमी. एकटा माणूस एवढ्यावर निवांत झोपू शकतो. पण गणपतीला घर एकट्याने जात नाही. आई, वडील, दोन मुले आणि आजी अशा पाच जणांपैकी निदान एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता साधारण अकरा टक्के होते, म्हणजे अशा नऊ कुटुंबांपैकी एकाचा बेत मोडणार. एका घरात संसर्ग होतो तेव्हा तो बहुधा दोघातिघांना मिळून होतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून थोडा कमी भरेल, पण मुद्दा बदलत नाही. घरातली सर्वांत काळजी करणारी व्यक्ती ‘कुणाचे तरी काहीतरी निघेल’ म्हणते तेव्हा ती उगाच घाबरट नसते. प्रत्येकाचा धोका लहान असला तरी सगळ्यांचा मिळून तो लहान राहत नाही, हे तिला गणित न मांडता कळलेले असते. चूक पुढच्या पायरीवर होते. बेत मोडण्याची शक्यता नऊत एक आहे, गंभीर आजाराची नव्हे. मनात मात्र दोन्हींची बेरीज होते आणि आजीच्या स्वॅबची वाट पाहताना घर तिच्या आयुष्याची वाट पाहत असल्यासारखे वागू लागते.

पॉझिटिव्ह या शब्दाचा अर्थही तितका सरळ नव्हता. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांचा समावेश असलेल्या तीन विभागांत सुमारे ६,९०० लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्त्यांत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. दहिसर बोरिवलीला खेटून आहे, त्यामुळे हे चित्र उपनगरवासीयांना परके नव्हते. आता स्वॅब चाचणीच्या तीक्ष्ण नजरेची दुसरी बाजू पाहा. बरे झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे रेंगाळू शकतात आणि पीसीआर त्यांनाही पकडते. सौम्य आजारात जिवंत, दुसऱ्याला लागण करू शकणारा विषाणू साधारण दहा दिवसांनंतर सापडत नाही. केंद्र सरकारने ८ मे २०२० रोजी रुग्णांना घरी सोडण्याचे नियम बदलले तेव्हा सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, सलग तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा टेस्ट न करता सोडायचे ठरले, ते याच कारणाने. म्हणजे ज्याचा आजार सरकारी नियमाने संपलेला आहे, तो प्रवासाच्या नियमाने अडकू शकत होता. या विसंगतीबद्दल प्रवाशांनी केलेली तक्रार मला पूर्णपणे योग्य वाटते.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. जून २०२० मध्ये राज्याने खासगी प्रयोगशाळांतल्या चाचणीचा दर ४,५०० रुपयांवरून २,२०० वर आणला आणि ऑगस्टमध्ये संकलन केंद्रावर जाऊन स्वॅब देणाऱ्यासाठी १,९०० केला. घरी बोलावल्यास २,५००. पाच माणसांचे साडेनऊ हजार, आणि तेही पगार कापले जात असताना. एसटीच्या भाड्यापेक्षा टेस्टच महाग पडत होती. दुसरा पर्याय दहा दिवस आधी जाण्याचा. त्यात पैसा लागत नव्हता, पण विलगीकरणाचे दहा दिवस आणि पुढे उत्सवाचे दिवस एवढी सलग रजा लागत होती. ज्याचे काम घरून चालत होते किंवा ज्याचे काम सुटलेलेच होते, त्याला हे जमणारे होते; अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत नुकत्याच कामावर परतलेल्या कामगाराला नव्हते. वैद्यकीय दृष्टीने दहा दिवसांचा पर्याय अधिक भक्कम होता. ज्यांना लक्षणे येतात त्यांच्यातल्या निम्म्यांना ती पाच दिवसांत आणि जवळजवळ सर्वांना साडेअकरा दिवसांत दिसतात, असे त्याच वर्षीच्या अभ्यासातून पुढे आले होते. म्हणजे ज्याच्याकडे वेळ त्याने वेळ द्यावा आणि ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा, अशी ती विभागणी झाली. दोन्ही नसलेल्याने काय करायचे, याचे उत्तर नियमात नव्हते. एरवीही ते कुठल्या नियमात असते म्हणा.

प्रवासाच्या अशा अटींवर एक जहाल मत होते आणि अजून आहे. आपले घर, आपला गाव, आपला देव; तिथे जायला परवानगी आणि दाखला कसला? भावना म्हणून हे मत समजण्यासारखे आहे, पण गावाकडून पाहिले की ते डळमळते. रत्नागिरी जिल्ह्यातले स्वॅब सुरुवातीला तपासायला मिरजेला जात होते, जिल्ह्याची स्वतःची प्रयोगशाळा जूनमध्ये सुरू झाली. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरे उडवली होती. वाड्यांमध्ये राहणारी माणसे मुख्यतः म्हातारी, कारण तरुण सगळे बोरिवली-मुलुंडला. गावकऱ्यांनी जुलैत १४ दिवसांच्या विलगीकरणाचा आग्रह धरला तेव्हा मुंबईत राग उसळला, पण ज्यांच्यासाठी तो आग्रह होता ते त्याच चाकरमान्यांचे आईवडील होते. शिवाय मुंबई सोडताना तपासणी होण्याचा हा पहिला प्रसंगही नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या बगला आणि जांघा चाचपून गाठी शोधल्या जाऊ लागल्या. स्त्रियांची तपासणी उघड्यावर आणि परपुरुषांच्या हातून होते म्हणून भयंकर संताप झाला, आणि तो योग्यच होता. तो संताप आणि २०२० मधली नाराजी यांत एक फरक आहे. प्लेगच्या तपासणीत माणसाची अब्रू जात होती, नाकातल्या स्वॅबने फक्त डोळ्यात पाणी येते. नियमाचे नाव एकच असले तरी अंमल कसा होतो यावर त्याचा न्याय ठरतो.

इथे दुसऱ्या जातीच्या चाचणीकडे वळावे लागते. अमरनाथची गुहा समुद्रसपाटीपासून ३,८८८ मीटरवर आहे आणि तिथल्या हवेचा दाब मुंबईच्या दाबाच्या दोनतृतीयांशापेक्षाही कमी असतो. २०१२ च्या यात्रेत ९०हून अधिक यात्रेकरू दगावले, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर अधिकृत डॉक्टरकडून आरोग्य प्रमाणपत्र घेण्याची सक्ती पक्की झाली. कैलास-मानसरोवरसाठी परराष्ट्र मंत्रालय यात्रेकरूंना दिल्लीत तपासते, बीएमआय २५ पेक्षा जास्त असेल तर थांबवते आणि वाटेत गुंजीला पोहोचल्यावर पुन्हा तपासते. या चाचण्यांत ज्याची तपासणी होते त्याचाच फायदा असतो. इथे ‘मला काय झाले आहे’ हा प्रश्न बरोबर आहे, आणि निकालाची धाकधूक वाटली तर ती योग्य जागी आहे. पण गंमत अशी, की याच चाचणीकडे पुष्कळ लोक औपचारिकता म्हणून पाहतात. ओळखीच्या डॉक्टरकडून सही मिळाली की झाले! जिथे रिपोर्ट स्वतःच्या जिवाशी निगडित आहे तिथे निष्काळजीपणा आणि जिथे तो मुख्यतः दुसऱ्याच्या संरक्षणासाठी आहे तिथे जिवाची तगमग, हा उलटा व्यवहार आपल्याकडे सर्रास दिसतो. कारण बहुधा हेच, की पहिल्या प्रकारात चाचणी आपण आवरू शकतो आणि दुसऱ्या प्रकारात ती आपल्याला आवरते.

सार्वजनिक हितासाठी घातलेल्या अटीला मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. साथ कमी असलेल्या ठिकाणी साथीच्या ठिकाणाहून माणसे येत असतील तेव्हा तिचा उपयोग होतो. सगळीकडे सारखीच साथ पसरली की तोच स्वॅब प्रयोगशाळेवर नुसते ओझे होतो. आयसीएमआरने ४ मे २०२१ रोजी, दुसरी लाट शिगेला असताना, निरोगी माणसांना राज्याबाहेरच्या प्रवासासाठी घातलेली आरटी-पीसीआरची अट काढून टाकता येईल असे सुचवले. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची पुन्हा टेस्ट करू नका, असेही त्याच सूचनेत होते. वर मांडलेल्या विसंगतीवरचे हे उशिरा आलेले उत्तर. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यातल्या हजारो चाचण्या बनावट असल्याचा आरोप होऊन चौकशी लागली. कागद मिळवणे हाच हेतू झाला की कागद तयार करणारेही भेटतात. म्हणून अट घालणाऱ्याने तिचा दर, तिची मुदत आणि पॉझिटिव्ह आलेल्याला पुढचा रस्ता या तिन्ही गोष्टी अटीबरोबरच जाहीर केल्या पाहिजेत. २०२० च्या ऑगस्टमधली अट माझ्या मते तत्त्वाने योग्य होती आणि खर्चाच्या बाबतीत अन्यायकारक.

आणि प्रवाशांना सांगायचे ते एवढेच. अट असलेल्या प्रवासाची तिकिटे काढायच्या आधी घरात एकदा बसून ठरवा: एकाचा रिपोर्ट अडला तर सगळे थांबणार, की तो आणि आणखी एक जण थांबून बाकीचे जाणार? गणपतीची पूजा गावातला कोणता भाऊबंद करेल? परतावा मिळणारे तिकीट आहे का? हे आधी ठरले की स्वॅब दिल्यानंतरची रात्र पुष्कळ हलकी जाते, कारण निकाल कोणताही आला तरी पुढे काय करायचे ते माहीत असते. अमरनाथ किंवा लेहला आईवडिलांना नेणार असाल, तर मात्र त्यांचा रक्तदाब, साखर आणि ईसीजी बुकिंगच्या आधी पाहून घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधू नका, दुसरे ठिकाण शोधा.